न जेवणारे डॉक्टर

आईला क्षय झालाय हे कुणालाही सांगायचं नाही, अशी तिने मला शपथ घातली होती. शपथ माझ्या मुलीची, म्हणजे मोडायची सोयच नाही. त्यामुळे इथल्या, आयर्लंडमधल्या कॉर्क शहरातल्या मराठी मंडळींना आम्ही "ब्राँकायटिस आहे, इथली हवा मानवली नाही" असं सांगत होतो, आणि नागपूरच्या मावशीला नुसतं "थोडा कफ आहे" एवढंच. मी शहराजवळ रिंगास्किडीला औषधांच्या कारखान्यात कॉम्प्युटरचं काम करते. दिवसभर गोळ्यांच्या बॅचवर नजर ठेवायची आणि घरी कुणी आलं की आईच्या गोळ्या लपवायच्या, असं माझं चाललं होतं.

आई आमच्याकडे उन्हाळ्यापुरती आली होती. खोकला इथेच वाढला, तपासण्या इथेच झाल्या आणि औषधंही इथेच सुरू झाली. सुरुवातीला काही दिवस वेगळं राहायला सांगितलं होतं, ते ठीकच होतं. पण नंतर हॉस्पिटलच्या नर्सने घरी येऊन स्पष्ट सांगितलं की आता यांच्यापासून कुणाला धोका नाही. खाली या, नातीला कुशीत घ्या. भांडी वेगळी ठेवायची तर कधीच गरज नव्हती, कारण हा आजार भांड्यांतून पसरतच नाही. मी शब्दन् शब्द मराठीत सांगितला. आईने मान डोलावली, नर्सला नमस्कार केला आणि ती गेल्यावर वरच्या खोलीत जाऊन पुन्हा दार लावून घेतलं.

ताट, वाटी, पेला, सगळं वेगळं. ते धुवायचीही ती स्वतःच, बाथरूमच्या बेसिनमध्ये. माझी सहा वर्षांची मुलगी दाराबाहेर बसून विचारायची, "आजी, कॅन आय कम इन नाऊ?" आतून उत्तर यायचं, "उद्या हं बेटा." पुढेपुढे मुलीने विचारणंच बंद केलं, आणि त्याची मला जास्त धास्ती वाटली. "औषध संपलं की मला नागपूरला पाठवून दे," आई म्हणायची. "पोरीला उगीच काय जवळ ढकलून राहिली माझ्या?" मी चिडायचे, आवाज चढवायचे, नर्सचं म्हणणं पुन्हा ऐकवायचे. ढिम्म. तिच्या लहानपणी तिच्या काकूला हाच आजार झाला होता. काकूला परसातल्या खोलीत ठेवलं, आणि ती बरी झाल्यावरही तिला कुणी "आत ये" म्हटलं नाही. आईने हे डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यापुढे माझ्या नर्सचं काय चालणार?

आमच्या शेजारी ऐंशी ओलांडलेल्या एक आयरिश बाई एकट्या राहतात. कचऱ्याचा डबा बाहेर काढताना भेटायचं, हवेला नावं ठेवायची, एवढाच आमचा संबंध. एका सकाळी त्यांनी आमच्या वरच्या खिडकीकडे बोट दाखवलं. ऐन थंडीत ती सताड उघडी होती. "आईची छाती का?" त्यांनी विचारलं. मी पाठ केलेलं ब्राँकायटिस सांगितलं.

"हो, आमच्याकडेही असंच म्हणायचे," त्या म्हणाल्या. "कुणाची छाती नाजूक असायची, कुणाला जुनी सर्दी. खरं नाव कुणी घ्यायचं नाही. मी नऊ वर्षांची असताना मलाही जुनी सर्दी होती. पुढची दोन वर्षं सॅनटोरियममध्ये काढली. माझ्या मुलांनाही हे ठाऊक नाही." मग म्हणाल्या, "मी तिच्याशी बोलले तर चालेल?"

मी "चालेल" एवढंच म्हटलं, शपथ काही मोडली नाही. अशा त्या आमच्या वरच्या खोलीत आल्या. आईने नाकापर्यंत पदर ओढून घेतला आणि खुर्ची दाराशी सरकवून दिली. बाईंनी ती उचलून पलंगापाशी आणली आणि बसल्या. मी दोघींच्या मध्ये उभी, दुभाषी.

सॅनटोरियम देणग्यांवर चालायचं, बाई सांगत होत्या. मुलांचे पलंग लांबलचक व्हरांड्यात, एक बाजू पूर्ण उघडी. मोकळी हवा हेच मोठं औषध. पाऊस आत यायचा म्हणून ब्लँकेटवर रबरी चादर घालायचे. भेटीचा वार रविवार. बाईंची आई यायची, पण वडील फाटकापाशीच थांबत आणि तिथूनच हात हलवत. बऱ्याच मुलांकडे तर कुणीच येत नसे. आणि दर रविवारी न चुकता येणारे एक डॉक्टर होते.

ते ज्यू होते. युरोपात त्यांच्या गावी त्यांचा मोठा दवाखाना होता, तो सोडून जीव वाचवून इथे आलेले. इथे बरीच वर्षं डॉक्टरकी करायची परवानगी मिळेना. तेव्हा राहण्याजेवण्याच्या बदल्यात या सॅनटोरियममध्ये पडेल ते काम करू लागले. पुढे परवानगी मिळाली, शहरात दवाखाना निघाला, तरी रविवार त्यांनी सोडला नाही. पैसा घेत नसत. ज्या मुलाकडे कुणी आलं नसेल, त्याच्या पलंगावर बसत. "खुर्चीवर नाही," बाई पुन्हा म्हणाल्या. "पलंगावर."

मग बाईंच्या तिथल्या पहिल्या वाढदिवसाची गोष्ट आली. त्यांच्या आईने घरून केक पाठवला होता. दहा वर्षांच्या त्या मुलीने त्यातला सगळ्यात मोठा तुकडा डॉक्टरांसाठी ठेवला. डॉक्टरांनी तो हातात घेतला, वास घेतला, फार छान आहे म्हणाले, आणि न खाता परत ताटलीत ठेवला.

"मी आठवडाभर रडले," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, हा माणूससुद्धा शेवटी फाटकाबाहेरचाच."

मी हे मराठीत सांगत होते आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत आई म्हणाली, "त्यांना आपल्या घरचंच चालत असेल. सोवळं असेल त्यांचं. फळ द्यायला पाहिजे होतं ना! फळाला काही होत नाही."

पदर नाकावरून खाली घसरला होता, पण तिचं लक्ष नव्हतं. मी बाईंना सांगितलं. त्या आईकडे बघतच राहिल्या.

"त्यांनी सफरचंद आणलं," त्या हळूच म्हणाल्या. "पुढच्या रविवारी. तुझ्या आईला कसं कळलं?"

कुणीतरी नर्सने मुलीचं रडणं त्यांच्या कानावर घातलं असावं. डॉक्टर येऊन पलंगावर बसले आणि म्हणाले, "तुझ्या आजाराचा आणि केकचा काही संबंध नाही. आमच्या घरी खाण्याचे नियम असतात. मला ते माझ्या आईने शिकवले. आता ती नाही, घरातलं कुणीच नाही, म्हणून मी जास्तच पाळतो." मग खिशातून सफरचंद काढलं, स्वतःचा चाकू काढला, दोन फोडी केल्या. एक तिला दिली, एक स्वतः खाल्ली. सावकाश, सगळ्या व्हरांड्यासमोर. भेटीला आलेले लोक बघत होते, तिची आई बघत होती. त्यानंतर दर रविवारी सफरचंद, दर रविवारी वेगळा पलंग.

मला हे सांगता सांगता थांबावं लागलं. जेवणाच्या बदल्यात काम, आणि तिथलं जेवण तर या माणसाला चालतही नसणार! उकडलेली अंडी आणि सालीसकट बटाटे खाऊन त्याने ते दिवस काढले, असं बाईंनी पुढे सांगितलं. ज्याच्या घरचं एकही माणूस उरलं नाही, तो परक्या देशात परक्यांच्या मुलांसोबत बसून खात होता, त्यांच्या घरचे फाटकाबाहेर उभे असताना. एवढं मोठं मन माणसाला कुठून मिळत असेल, मला खरंच कळत नाही. मी डोळे पुसले आणि पुढे सांगायला लागले.

"मी बरी होऊन घरी गेले," बाई म्हणाल्या. "सगळे आनंदात होते. कुणी वाईट वागलं नाही. फक्त स्वयंपाकघरातल्या कपाटात, आम्ही त्याला प्रेस म्हणतो, त्यात माझ्यासाठी एक निळ्या काठाचा कप वेगळा ठेवलेला होता. त्याबद्दल कुणी काही बोलायचं नाही. लग्न होईपर्यंत मी त्यातच चहा प्यायले."

आईने आपल्या पेल्याकडे पाहिलं. तो खिडकीत पालथा घातलेला होता.

"त्यांना विचार," ती मला म्हणाली, "तो कप फोडला का मग?"

"नाही," बाई म्हणाल्या. "लग्न झाल्यावर सोबत घेऊन आले. कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, तो माझाच आहे, मीच सांभाळायचा. अजून आहे. नवऱ्याला कधी त्यातून पिऊ दिलं नाही. मुलांना तर हातसुद्धा लावू दिला नाही."

आईने खिडकीतला पेला उचलून सुलटा ठेवला. मग म्हणाली, "त्यांना म्हणावं, उद्या चहाला या. कप घेऊन या."

माझ्या आईने जन्मात कुणाचं उष्टं खाल्लेलं नाही. माझ्या बाबांचंही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती जिना उतरून खाली आली आणि स्वतः चहा ठेवला, आलं किसून. बाईंनी पिशवीतून कप काढला, जुन्या रुमालात गुंडाळलेला. आईने तो विसळला, भरला आणि बाईंपुढे धरला. बाईंनी दोन घोट घेतले. आईने हात पुढे केला, त्यांच्या हातातून कप घेतला आणि त्यालाच तोंड लावून प्यायली.  बाई टेबलाची कड घट्ट धरून रडत होत्या.

माझी मुलगी दारात उभी होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं. ती सरळ आत आली, आजीच्या खुर्चीला टेकली आणि म्हणाली, "कॅन आय हॅव सम?"

 आईने कपाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"बस इथे," ती म्हणाली आणि कप तिच्या हातात दिला. "हळू पी. गरम आहे."