मागून आणलेला सताप

असुन्सिओनच्या बाजारात पालामुळी विकणाऱ्या बायकांच्या रांगेत सेफेरिनाबाईचं दुकान शोधायला डोळे लागत नाहीत, कान पुरतात. तिच्या लाकडी उखळाचा आवाज बाकीच्यांपेक्षा जाड. पुदिना, गवती चहा, केना, बडीशेपेची मुळं, जे काय गिऱ्हाइकाच्या दुखण्याला लागेल ते ती ठेचून त्यानं आणलेल्या पाण्याच्या थर्मासात टाकते, आणि वर त्याच्या संसारावर एक शेरा फुकट.

"पित्त तुझं नाही रे, बायकोचं आहे. औषध तिला पाज."

तिच्या पलीकडे देओग्रासियाचं दुकान आणि त्याच्या पलीकडे नीमियाचं. नीमिया सेफेरिनाची धाकटी सख्खी बहीण. दोघी रोज एकाच रस्त्यावर बसतात, एकाच माळव्याच्या गाडीतून जुड्या उचलतात आणि आई गेल्यापासून एकमेकींशी एक शब्द बोललेल्या नाहीत. कारण तेच जाड आवाजाचं उखळ. आईनं ते तोंडी नीमियाला दिलं होतं. सेफेरिनानं, थोरली म्हणून, नऊ दिवसांच्या प्रार्थना संपल्या त्या संध्याकाळी ते काखोटीला मारून घरी नेलं. तेव्हापासून सगळी भाषणं देओग्रासियाच्या डोक्यावरून.

"देओग्रा, पलीकडच्या बाईला सांग, तिचं पाणी माझ्या पुदिन्याखाली येतंय."

"तिला म्हणावं, पाणीच आहे ते. उखळ असतं तर तिनं केव्हाच उचलून नेलं असतं!"

"माझं डोकं म्हणजे काय नदीवरचा पूल आहे का गं भवान्यांनो?" देओग्रासिया म्हणायची. पण दोघींचा एकही निरोप कधी गाळायची नाही. बरं वाटायचं तिला मधे बसायला.

तर अशा या सेफेरिनाच्या दाराशी सतापाचं एक झुडूप होतं, आईच्या झुडपाच्या फांदीचं. या गावात सताप दारात हवाच. घरावर येणारं वाईट तो आपल्या अंगावर घेतो. पण त्याची एक खोड आहे: विकत घेतलेला किंवा मागून आणलेला सताप जीव धरत नाही, चोरूनच आणावा लागतो. आणि ज्याचा चोरला त्यानं दुसऱ्या दिवशी चोराला चारचौघांत शिव्या द्याव्या लागतात. जितक्या शिव्या, तितकी पालवी. मालक गप्प बसला तर फांदी गेली म्हणून समजावं. सेफेरिनाच्या शिव्या नामांकित असल्यामुळे अख्ख्या गल्लीतली झुडपं तिच्याच दारातून चोरलेली होती.

त्या वर्षी जुलैत तिचा सताप मुळापासून वाळला. देओग्रासियाच्या मते चोरांनी ओरबाडून मारला. सेफेरिनाला कारण वेगळंच दिसत होतं. आत खाटेवर तिचा नवरा एलादिओ पडून होता. जन्मभर बस चालवलेला दांडगा माणूस, आता छातीचा भाता झालेला. झुडपानं कोणाचं दुखणं अंगावर घेतलं आणि ते त्याला पेललं नाही, हे तिला कोणी सांगायला नको होतं. आणि पुढे इकडचा, ऐन हिवाळ्यातला ऑगस्ट उभा! सुकी थंडी घेऊन येणारा, रोडावलेली गुरं आणि थकलेली माणसं उचलून नेणारा महिना.

"सेफे, सताप फुटला का गं?" एलादिओ रोज विचारायचा.

"फुटतोय," ती रोज सांगायची.

दुकानात सतापाच्या जुड्यांचा ढीग, पण तो एक ऑगस्टच्या औषधी दारूत टाकायला. दाराशी लावायला त्याचा उपयोग शून्य. गल्लीतली झुडपं तिच्याच झाडाची लेकरं. आपलंच परत आणलं तर ती चोरी कसली? अनोळखी घरचा आणावा, तर त्यानं त्या घरचं काय काय शोषून घेतलेलं असेल, कोण जाणे. उरला एकच. आईच्या झुडपाची दुसरी फांदी, नीमियाच्या अंगणातली. आणि नीमियाच्या फाटकाला बारा महिने साखळी.

जुलैच्या शेवटच्या सकाळी देओग्रासिया पुदिना निवडता निवडता हवेशी बोलली, "कोणाच्या तरी दारातला सताप वाळलाय म्हणे. घरात आजारी माणूस. वाईट बाई, वाईट."

नीमियानं मान वर केली नाही. जुडी बांधता बांधता म्हणाली, "मी माझं फाटक कोणासाठी उघडत नाही. साखळी गंजलीय, तिला तेल द्यायला आज दुपारी काढणार आहे, तेवढंच."

सेफेरिनाचं मुसळ वरच्या वर थांबलं. मग पुन्हा पडायला लागलं.

दुपारी जेवून गाव आडवं झालं, तेव्हा ती डोक्यावरून शाल घेऊन निघाली. जन्मात चोरी केली नव्हती. उखळाला ती चोरी म्हणत नसे. फाटक नुसतं लोटलेलं होतं. पान हललं तरी भुंकणारा कुत्रा कुठे दिसेना. स्वयंपाकघराच्या दाराआडून त्याचं कुईकुई ऐकू येत होतं, कोणीतरी त्याचं तोंड दाबून धरल्यासारखं. झुडपाखालची माती नुकतीच भिजवलेली. सेफेरिनानं फांदी तोडली आणि त्या वासासरशी तिला आईचे हात आठवले. पाय निघेना. आतून कोणी खाकरलं, तशी ती शालीला आग लागल्यासारखी पळाली.

एलादिओनं तिचा हात नाकाशी धरला. "कुठून गं?"

"चोरला."

"मग जगेल," तो म्हणाला आणि पुष्कळ दिवसांनी हसला.

एक ऑगस्टला बाजारात सगळ्यांनी, महिना बाधू नये म्हणून, रिवाजाप्रमाणे उपाशीपोटी लिंबू-सतापाच्या दारूचे तीन घोट घेतले. सेफेरिनानं कान पलीकडे लावले होते. नीमिया जुड्या बांधत होती. गप्प. गिऱ्हाइकं आली, गेली. उन्हं चढली. नीमिया गप्पच. सेफेरिनानं एका म्हाताऱ्याच्या थर्मासात केना टाकायचा तो ओवा टाकला. आता देओग्रासियालाही राहवेना.

"काय गं नीमिया, काल काही चोरीबिरी..."

"तू मधली सरक!" नीमिया उभी राहिली. साठलेलं सगळं एकदम आलं. "ए चोरटे! सेफेरिना! हात झडो तुझे! भर दुपारी माझ्या अंगणात शिरतेस? आधी उखळ, आता सताप! तोडायची अक्कल तरी आहे का, अर्धी साल सोलून गेलीस झाडाची! थोरली म्हणे! निर्लज्ज!"

अख्खी रांग थबकली. सेफेरिनानं मान खाली घालून एकेक शिवी प्रसादासारखी घेतली. शेवटी हळूच म्हणाली, "अजून दे."

नीमियाचा आवाज फुटला. पण तिनं दिल्या.

फांदीनं जीव धरला. एलादिओनं मात्र धरला नाही. ऑगस्ट सरता सरता, पहाटेच्या थंडीत तो गेला. गल्लीतल्या काहींनी कुजबुज केली की सतापाचा काही उपयोग झाला नाही. सेफेरिना एवढंच म्हणाली, "झाड लहान होतं. त्याच्यानं जेवढं झेपलं तेवढं झेललं त्यानं."

एलादिओ गेला त्याच सकाळी नीमिया आली. आई गेल्यापासून पहिल्यांदाच त्या उंबऱ्यावर. कोणाला न विचारता, दुकानातून आणून कोपऱ्यात ठेवलेलं उखळ ओढलं, बसली आणि आल्यागेल्यांसाठी पुदिना ठेचू लागली. घराला तो जाड आवाज नवा नव्हता. पण सेफेरिना भिंतीला टेकून ऐकत राहिली. हात दुसऱ्याचा होता आणि ठोका आईचा.

शवपेटी बंद करायची वेळ झाली तशी नीमिया उठली, बाहेर गेली, दारातल्या कुंडीतल्या कोवळ्या सतापाचा एकुलता एक शेंडा तिनं खुडला आणि आत येऊन एलादिओच्या बोटांत अडकवला. विचारलं नाही.

देओग्रासिया दोघींच्या मधे उभी होती. सेफेरिनानं त्या शेंड्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे.

"चोरटे," ती म्हणाली. पुढच्या शिवीचं रडं झालं. नीमियानं तिचं डोकं खांद्यावर घेतलं आणि देओग्रासिया, जन्मात पहिल्यांदा, दोघींच्या मधून बाजूला सरकली.