तीनदा हलवला की फोन लागतो

आप्पांच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर बोलणंही गेलं. माझ्या वडिलांना बोलण्याचं तसंही फारसं वेड नव्हतं. सगळी हयात खासबागेतल्या यंत्रमागाच्या कारखान्यात काढलेली. कानांना निम्मं ऐकू येत नव्हतं, म्हणून तोंडानं निम्मंच बोलायचं, असा त्यांचा खाक्या. पण कमी बोलणं आणि बोलताच न येणं यात किती अंतर असतं ते मला त्या महिन्यात कळलं. पाणी हवं असलं की ते माझ्या तोंडाकडे बघत बसायचे आणि मी पाणी सोडून बाकी सगळं आणून द्यायची.

आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात आम्ही दोघंच. मी कॅम्पातल्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. साडेनऊला बाहेर पडले की यायला साडेचार. मधे शेजारच्या आक्का सकाळी एकदा डोकावायच्या आणि दीड वाजता येऊन आप्पांना जेवू घालायच्या. एरवी ते एकटेच. काही झालं तर त्यांनी मला बोलवायचं कसं, हा प्रश्न मला खात होता. पितळी ताटली आणि चमचा देऊन पाहिला. आमच्या गल्लीत दोन्ही अंगांनी माग चालतात, तिथं ताटली कोणाला ऐकू जाणार! फोन होता, पण धागे ओढून ओढून बोटांना घट्टे पडलेले, त्यात डावा हात. स्क्रीनला ती बोटं कळायचीच नाहीत. आप्पा दाबत राहायचे आणि फोन ढिम्म.

मग मला हालचालींची युक्ती सुचली. आठवीला मी हे शिकवतेच: फोनच्या आत एक सेन्सर असतो, फोन हलवला, फिरवला, पालथा केला की त्याला ते समजतं. वर्गात शिकवलेलं घरात कधी उपयोगी पडेल असं मला वाटलं नव्हतं. मी एक ॲप टाकलं. फोन झटकला की सरळ मला कॉल लागणार, स्पीकर आपोआप चालू होणार. मनगट फिरवलं की टॉर्च लागणार. पालथा घातला की रिंग बंद.

आप्पांना सगळ्यात आधी पालथं घालणं जमलं. आमची निपाणीची आत्या रोज फोन करायची आणि पहिल्या वाक्यालाच रडायला लागायची. एका रविवारी तिचं नाव स्क्रीनवर आलं, तसा आप्पांनी फोन शांतपणे मांडीवर पालथा घातला आणि माझ्याकडे बघून डाव्या गालानं हसले. आजारपणानंतर पहिल्यांदा हसले ते तेव्हा. मला इतका आनंद झाला की सोमवारी स्टाफरूममध्ये मी ते तीन जणांना सांगितलं, जणू हा शोध मीच लावला होता.

सुरुवातीला मी एका झटक्यावर कॉल लावून ठेवला होता. आप्पांनी कूस बदलली, मला कॉल. माशी हाकलली, मला कॉल. उचलावं तर पलीकडून फक्त मागांची खटखट आणि त्यांचा श्वास. पहिल्या दोन वेळा मी वर्ग सोडून रिक्षानं घरी धावले. एकदा ते झोपले होते, एकदा केळं खात होते. मला दारात बघून त्यांनाच आश्चर्य वाटलं. मग एक दिवस भर मीटिंगमध्ये तीनदा फोन वाजला. बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, म्हणाल्या, "टीचर, मुलांचे फोन आपण जप्त करतो, माहीत आहे ना?" सगळे हसले. मीही हसले, पण कान तापले होते. मला आप्पांचा राग आला. लिहायला लाज वाटते, पण आला.

त्याच संध्याकाळी मी सेटिंग बदललं. लागोपाठ तीन झटके बसले तरच कॉल लागणार. त्यांच्यासमोर बसून मी माझा फोन हलवून दाखवला. "आप्पा, तीनदा हं. एक, दोन, तीन." ते माझ्याबरोबर हलवायचे आणि माझा फोन वाजायचा. आठवडाभर आम्ही रोज ही तालीम केली. एकदाही चुकले नाहीत. फुकटचे कॉल थांबले आणि मी निवांत शिकवायला लागले.

पुढं महिनाभरानं, एका मंगळवारी दीड वाजता आक्कांचा फोन आला. "लवकर ये गं, आप्पा हाक मारली तरी बघंनात."

मी पोचले तेव्हा ते कॉटवर भिंतीला टेकून बसले होते. मान छातीवर. फोन मांडीत. डॉक्टर आले, म्हणाले, दुसरा झटका असावा, जाऊन तासभर तरी झाला असेल. घरात माणसं भरायच्या आत मी काय केलं असेल, तर तो फोन उचलून पाहिला. मला एकही कॉल लावलेला नव्हता. तेवढ्यात मी माझाही तपासला. काही नव्हतं. मला रडू आलं, पण छातीवरचा दगडही उतरला. म्हणजे त्यांना बोलवायलासुद्धा वेळ मिळाला नव्हता. म्हणजे क्षणात गेले. येईल त्याला मी तेच सांगत राहिले.

आक्काही सांगायच्या. "बाराच्या सुमाराला मी धुणं वाळत घालत हुते. खिडकीतनं आप्पांनी मला हात केला बगा. मी बी केला. जाताना निरोप घिऊन गेले म्हनायचं." ऐकून बायका डोळ्यांना पदर लावायच्या. मलाही ती गोष्ट आवडायला लागली होती. एकटे गेले नाहीत, कोणीतरी बघितलं, एवढं तरी.

दहावं झाल्यावर वडगावहून एक म्हातारे भेटायला आले. आप्पांच्या शेजारच्या मागावर त्यांनी कितीतरी वर्षं काढली होती. मी चहा ठेवला. आक्कांनी त्यांनाही ती हात केल्याची गोष्ट सांगितली.

म्हाताऱ्यांनी कप खाली ठेवला. "हात हलवत हुता, का नुसता वर धरून हुता?"

"एकदा हलवला," आक्का म्हणाल्या. त्यांनी करून दाखवलं. हात वर, एक झटका, आणि तसाच धरलेला. "हातात फोन हुता. मी आत जाईस्तवर तसाच वर धरून हुते."

"त्यो तुला हात करत न्हवता, बाई," म्हातारे म्हणाले. "बोलवत हुता."

मी कारखान्यात कधी आत गेले नाही. लहानपणी डबा द्यायची ती दारातूनच. पोरीनं त्या खटखटीत पाऊल टाकायचं नाही, शाळेत जायचं, अशी आप्पांची सक्त ताकीद होती. त्यामुळे आतली रीत मला ठाऊक नव्हती. ती आता म्हाताऱ्यांनी मला सांगितली. तिथं हाक ऐकू येत नाही. अडलं की जोडीदाराला हात करायचा. एकदाच झटकायचा आणि वर धरून थांबायचं. दुसऱ्यांदा झटकायचा नाही. समोरच्याचे हात चालत्या मागात असतात, घाई केली तर गडबडतो, आडवा धागा घेऊन सुसाट ये-जा करणारा धोटा हाताला लागतो. एका पोराची दोन बोटं अशीच गेली होती.

"म्हनून एकदाच," म्हातारे म्हणाले. "त्यानं बघितलंय, हातातलं सोडून येतोय, आसं धरून चालायचं. तुझ्या बापानं मला कवा दुसऱ्यांदा हात केला न्हाय."

आठवडाभराच्या तालमीत आप्पा तीनदा हलवत होते, कारण मी समोर बसून हलवत होते. जीव घाबरा झाला तेव्हा हातानं त्याला ठाऊक होतं तेच केलं.

माझा चेहरा बघून म्हातारे उठले. डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "मनाला लावून घिऊ नगं, पोरी. त्यो घाबरला नसंल. तू बघितलंयस, निघालीयस, हेच त्याच्या मनात आसंल बग."

मी त्यांना रिक्षापर्यंत सोडून आले. कॉटवर बसले. बारा ते साडेबारा त्या दिवशी मला मोकळा तास होता. फोन माझ्या हातातच होता. आप्पांच्या लेखी मी बघितलं होतं आणि निघाले होते. आणि त्यांनी तीनदा हलवल्याशिवाय मला काही दिसायला नको, अशी सोय मी स्वतःच्या हातानं करून ठेवली होती.