मोडेमच्या कार्डाला लावलेलं कुंकू

राळेगावच्या बसस्टँडमागे रेडिओ आणि टेप दुरुस्त करणारे एक चाचा होते. माझी नोकरी त्यांनी वाचवली. हे आधी लिहिते, कारण जिथे सांगायचं होतं तिथे मी सांगितलं नाही.

मी फुलसावंगीची, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाची. कापसाला भाव नव्हता त्या वर्षांत नववीतून माझी शाळा सुटली. घरात कोणी तसं बोललं नाही, जूनमध्ये माझं दप्तर धाकटीला मिळालं एवढंच. मग टायपिंग शिकले आणि राळेगावला आत्याकडे राहून कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगच्या ऑफिसात कंप्युटरवर बसू लागले. माझ्या पगारावर धाकटीची शाळा चालू होती. नोकरी गेली की दप्तर तिच्याही पाठीवरून उतरणार, हे रोज सकाळी ऑफिसचं कुलूप उघडताना आठवायचं.

काम एवढंच की फोनच्या लाइनीवरून इंटरनेट लावायचं आणि मुंबईच्या दलालाने पाठवलेला कापसाचा भाव छापून शेठच्या टेबलावर ठेवायचा. मोडेमची किरकिर थांबून लाइन लागली की माझा श्वास मोकळा व्हायचा. स्क्रीनवर ६८० आला तर फोनला टोन नाही, ६७८ आला तर पलीकडून कोणी उचलत नाही. हे आकडे चाचांनीच मला कॅलेंडरच्या पाठीवर लिहून दिले होते. मोडेमचं कार्डही त्यांनीच बसवलेलं. कंप्युटरचा डबा उघडून म्हणाले होते, "पाह्य बेटा, बाकी सगळा पत्रा. फोनशी बोलते ते हे."

तेवढंच मी लक्षात ठेवलं आणि दसऱ्याला घोळ केला. जिनिंगमध्ये त्या दिवशी वजनकाट्याची, मशिनींची, ट्रॅक्टरची पूजा असते. शेठ म्हणाले, "तुह्या मशीनची तूच कर बाई." मला वाटलं, वरच्या पत्र्याला कुंकू लावून काय होणार? बोलणारं तर आत आहे. स्विच बंद केला, स्क्रू काढले, कार्ड उपसलं आणि खाचेत बसणाऱ्या त्याच्या सोनेरी दातांवर ओल्या हळदीकुंकवाची बोटं ओढली. वर्षभर लाइन तुटू देऊ नको, म्हणून हात जोडले आणि कार्ड पुन्हा बसवलं.

दुसऱ्या दिवशी खरेदी सुरू. कापसाच्या गाड्या फाटकाशी उभ्या, आणि कंप्युटर म्हणे मोडेमच नाही. स्क्रीनवरच्या यादीत त्याच्या नावापुढे पिवळी खूण. रिसीव्हर कानाला लावला, टोन स्वच्छ. म्हणजे मोडेम चालवणारा प्रोग्रॅम, ड्रायव्हर, बिघडला असेल. तो काढला, सीडीवरून परत टाकला, मशीन बंद करून चालू केली. मोडेम उत्तर देत नाही. तीनदा तेच. कुंकवाने काही बिघडू शकतं हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

"काय करून राह्यली तू?" शेठ दारातून ओरडले. "भाव काय माह्या कपाळावर लिवला आहे?"

मुनीम म्हणाला, "नववीपर्यंतच गेली ना शेठ ते. मोडेम दहावीत असते."

सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं.

चाचांना बोलावणं गेलं. सायकल भिंतीला टेकवून आले, डबा उघडला, कार्ड काढलं. आधी कार्डाचे दात पाहिले, मग माझी नखं पाहिली. ती अजून पिवळीच होती. शेठकडे पाठ करून ते हळूच म्हणाले, "खोडरबर आहे का?" मी दिलं. त्यांनी एकेक दात घासला, तळहातावर पडलेला लाल चुरा शर्टाच्या खिशात टाकला आणि कार्ड बसवलं. ड्रायव्हर पहिल्याच खेपेला चढला. किरकिर सुरू झाली आणि लाइन लागली.

"काय झालतं?" शेठने विचारलं.

चाचा म्हणाले, "गलती माही, शेठ. मागच्या खेपेस कार्ड ढिलं राह्यलं."

"डोळे गेले चाचा तुमचे. आता टेपच पाहा. उद्यापासून यवतमाळचा माणूस येईन इथं."

मुनीम पुन्हा हसला. मी भावाचा कागद टेबलावर ठेवला. भाव पडलेला होता. शेठ खूश झाले, फाटकाशी उभ्या शेतकऱ्यांना तोच भाव ऐकवला गेला. चाचांनी आपलं नाव घालवलं ते असल्या कागदापायी.

आठवड्याने बसस्टँडमागे गेले. "चाचा, मी सांगते शेठले."

"कायले? बहीण कितवीत आहे तुही?"

"आठवीत."

"मंग ते दहावी होईस्तोवर तोंड बंद ठेव."

धाकटी दहावी झाली. तरीही मी बोलले नाही. तोवर गप्प राहायची सवय लागली होती, आणि यवतमाळच्या माणसाला मी चहा करून देत होते. चाचा जिनिंगवरून सायकलने जायचे, आत बघायचे नाहीत. भेटले की विचारायचे, "लाइन चालू आहे ना, बेटा?" त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

आता मी पुण्यात एका औषधाच्या दुकानात बिलं करते. इथे इंटरनेट बंद पडलं की सगळे मलाच हाक मारतात, आणि मी आधी दात तपासते, मग ड्रायव्हर. धाकटी नर्स आहे.

चाचा, मी येईन. मुनीम जागेवर असेल अशा वेळी तुम्हाला सोबत घेऊन त्या ऑफिसात जाईन, आणि कुंकू मी लावलं होतं हे शेठच्या तोंडावर सांगेन.