काटेकोर

तराजू दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला बाजारात सगळे 'काटेकोर' म्हणत. हे कौतुक होतं की चेष्टा, याचा निकाल कधी लागला नाही. तीस वर्षांत त्याच्या हातून एकही काटा खोटं बोलत बाहेर पडला नव्हता.

त्याला क्षय झाला तेव्हा दवाखान्याने सहा महिन्यांच्या गोळ्या लावून दिल्या. महिनाभरात त्याचा खोकला उतरला आणि बायकोचा सुरू झाला. ती पाळणाघरात मुलं सांभाळायची. दवाखान्याच्या वहीत नाव चढलं की कामावरून उतरणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"तुमच्यातल्याच द्या ना," ती म्हणाली. "रोग एकच, मग औषध कशाला दोनदा?"

त्याला हे बिनतोड वाटलं. दाढीच्या पात्याने तो रोज प्रत्येक गोळी मधोमध कापायचा आणि सोनाराच्या दुरुस्तीला आलेल्या काट्यावर दोन्ही तुकडे तोलायचा.

"मोठा तुकडा तुमच्याकडे गेला हं."

"शक्यच नाही. काटा हललाय का, बघ की!"

इतकी सरळ वाटणी सख्ख्या भावांतही झाली नसेल. अर्ध्या औषधाने लेचेपेचे जंतू तेवढे मेले. चिवट उरले आणि त्यांचं दोन्ही छात्यांत गोकुळ नांदू लागलं. बायकोच्या थुंकीत रक्त दिसलं तेव्हा कुठे दोघांची तपासणी झाली.

"मुख्य औषधं दोघांनाही लागू पडत नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काका, गोळ्या चुकवल्या होत्या?"

"एकही नाही. हिनंही नाही."

"त्यांना कुणी दिल्या?"

त्याने सगळं सांगितलं. वर म्हणाला, "गुंजभरही फरक नव्हता."

बाई म्हणाल्या, "सगळ्या एकट्यानं खाल्ल्या असत्या, तर निदान तुम्ही तरी बरे झाला असता. आणि यांना आम्ही वेगळ्या दिल्याच असत्या."

पाळणाघर सुटलंच. तिथल्या मुलांचीही तपासणी सुरू झाली. तो विषय घरात कुणी काढत नसे. नवी औषधं त्याला हळूहळू मानवली, तिला नाही. बाईंनी ती दोनदा बदलली. "आता पुढचं सगळं वजनावर," त्या म्हणाल्या. "आणखी घटायला नको."

महिन्याने ती दवाखान्यातल्या वजनकाट्यावर चढली.

"अडतीस! अहो, तेवढंच आहे! घटलं नाही!" कितीतरी दिवसांनी ती हसली.

ती चढण्याआधी काटा कुठे उभा होता, ते त्याने पाहिलं होतं. शून्याच्या दोन किलो पुढे. आतली स्प्रिंग थकली होती. मागच्या महिन्यात काटा बरोबर शून्यावर होता.

"काका, तुम्ही यातलेच ना?" सिस्टर म्हणाल्या. "बघा हो जरा, बरोबर दाखवतोय का?"

तो वाकला. काटा जुळवायचा स्क्रू बोटाखालीच होता. अर्धा पीळ पुरला असता.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

सिस्टरनी अडतीस लिहिलं. बायको उतरू लागली तेव्हा तो काट्याच्या तबकडीपुढे येऊन उभा राहिला आणि तिला हात दिला.