महालक्ष्मीचे मुखवटे

आमचा मुलूख मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, त्याच्या दोन-तीन वर्षांनंतरची ही गोष्ट. मी तेव्हा पंचेचाळिशी ओलांडली होती. बाहेर बसणं आता तीन-चार महिन्यांनी येई. मधूनच अंगातून वाफ निघाल्यासारखं होई, झोप धड लागत नसे, आणि डोक्यात कापूस भरल्यासारखं वाटे. वेचणीच्या दिवसांत पोरं कापसाच्या खोलीत खेळत, तेव्हा त्यांचा आवाज जसा दबून, दुरून येई, तसे मला माझेच विचार दुरून येत. चुलीवर दूध ठेवायचं आणि विहिरीवर निघून जायचं. सुनेला हाक मारायला तोंड उघडावं, तर तिचं नावच आठवू नये. मग मी "अवं" म्हणून वेळ मारून नेई.

हे मी कुणाजवळ बोलले नाही. मला तसंही बोलायला जमत नाही. पण खरी भीती होती ती मायची. माझं माहेर बोरी अरबचं. माय अशाच वयात विसरायला लागली होती. भाजीत दोनदा मीठ पडे. भावांनी चांगल्या मनानंच तिच्या कमरेची किल्ली काढून भावजयीला दिली आणि म्हणाले, "आता तू आराम कर." तेव्हापासून माय कोपऱ्यात बसली ती बसलीच. लोक म्हणत, म्हातारीचं डोकं गेलं. मी तिच्याच पोटची. माझंही जाणार, असं मी मनात धरून होते.

त्या भादव्यात महालक्ष्म्या बसायला थोडेच दिवस उरले होते. मी मुखवटे काढायला गव्हाची कोठी उघडली. आमचे मुखवटे शाडूचे, रंगवलेले. विसर्जन झालं की ते मऊ लुगड्यात गुंडाळून गव्हात ठेवायचे, हा सासूबाईंपासूनचा रिवाज. कोपरापर्यंत हात घालून पाहिलं. नव्हते. जवारीच्या कणगीत पाहिलं, सगळी उतरंड उतरवली, पेट्या धुंडाळल्या. सून माझ्यामागून फिरत होती, आणि मी कुठं ठेवले ते मला काही केल्या आठवत नव्हतं.

घरच्यांच्या, म्हणजे माझ्या मालकांच्या, कानावर गेलं. ते रागावले नाहीत. ओसरीवरून नरमच आवाजात म्हणाले, "नसन सापडत त राहू दे. पुसदहून नवे घेऊन येतो. अन् यंदापासून सारं सुनेच्या हाती दे. तू आता आराम कर."

ते दोन शब्द ऐकले आणि मी उघडी पेटी तशीच टाकून दिली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

मी गोठ्यात जाऊन बसले. तिथं माझी मोठी नणंद आली. ती तरुणपणीच विधवा होऊन भावाकडे आलेली. मी तिला बाई म्हणत असे. तोंडानं मोठी फटकळ.

"काहून वं, म्हशीले गाऱ्हाणं सांगून राह्यली का? थे बी तुह्यासारखीच, काही बोलत नाही."

मला हसू आलं आणि त्याच्यामागून रडू. मग मी सगळं सांगितलं, दुधाचं, सुनेच्या नावाचं, मायचं. सांगताना मी बाईंकडे पाहिलं नाही, म्हशीकडेच पाहत होते.

बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मले बी झालतं हे."

"तुम्हाले?"

"मंग! भावाले दोन डाव चहात मीठ टाकून देल्लं. त्यानं मुकाट्यानं पेलं. मले वाटे, गेलं आपलं डोकं. दीड-दोन वर्सं तसंच चाललं. मंग धुकं उठते ना, तसं उठून गेलं. बाईमानसाचं हे वयच तसं राह्यते."

"मंग मले कधी सांगतलं नाही."

"तू इचारलं का?"

बाईंनी मला हाताला धरून देवघरात आणलं. "आता शोधू नको. मागल्या साली विसर्जन झाल्यावर काय केलं, थे सांग. अन् नुसतं सांगू नको, करून दाखव." त्यांनी दोन लोटे माझ्यासमोर ठेवले आणि एक जुनं लुगडं दिलं. "हे झाले मुखवटे. बांध."

सून दारातून पाहत होती. मला फार लाजल्यासारखं झालं. तरी मी लोटे गुंडाळायला लागले. लुगड्याचा पदर दुमडताना आठवलं, मागच्या सालचं लुगडं हिरवं होतं. त्याच्याच अर्ध्याची मी लेकीच्या बाळंतपणासाठी दुपटी फाडली होती. लेक पहिलटकरीण, पुसदहून आलेली. मी मुखवटे बांधत होते तेव्हाच तिनं आतून हाक मारली होती, "माय वं, कंबर दुखून राह्यली." तो आवाज मला जसाच्या तसा ऐकू आला.

मूल झालं की घराला सोयर. मग दहा दिवस देवीच्या वस्तूला हात लावायचा नाही. म्हणून मी घाई केली होती. गव्हाची कोठी ओसरीवर, आणि तिथं पुरुषांची पंगत बसलेली. मी लोट्यांचं गाठोडं छातीशी धरून उठले, आणि पाय आपोआप ओसरीकडे न जाता बाळंतिणीच्या खोलीकडे वळले.

तिथं फळीवर हिरव्या लुगड्याची दोन गाठोडी होती. न वापरलेली दुपटी-टोपडी पुढच्या बाळंतपणासाठी बांधून ठेवायची आणि तोवर सोडायची नाहीत, ही आमच्या घरची रीत. दोन्ही गाठोडी दुपट्यांचीच समजून वर्षभर कुणी हात लावला नव्हता.

पहिलं हाताला मऊ लागलं; दुसरं गाठोडं बाईंनीच सोडलं. दोघी आत होत्या. एकीच्या नाकाचा रंग थोडा गेला होता.

मग मला दुसरीच धास्ती पडली. "बाई, सोयरात देवी बाळंतिणीच्या खोलीत राह्यल्या. आता कसं?"

"त्याईच्यासमोर आपण त्याईची लेकरं बसवतोच ना? लेकुरवाळ्या हायेत त्या. नातवाच्या पाचवीले तुह्यासंग जागल्या असतीन."

घरचे दारात येऊन उभे होते.  मग माझ्याकडे पाहून विचारलं, "फुलसावंगीच्या बाजारातून काय काय आणाचं, सांग मंग."

सुनेला नाही, मला विचारलं.

त्यानंतर बाईंनी मला हाताशी धरलं. जेवण झालं की जबरदस्तीनं आडवं करायच्या, डोक्याला तेल चोळायच्या. जेवणात जवसाची चटणी वाढायच्या. दुपारी चार बाया जमल्या की म्हणायच्या, "चवथी शिकली ना तू? मंग वाच पोथी." मी अडखळत वाचे. एखाद्या ओळीवर थांबले, तर बाया माना खाली घालून वाट पाहत, कुणी हसत नसे. आणि घरात आम्ही तिघींनी एक सवय लावून घेतली. वस्तू ठेवली की बोलून ठेवायची. "तूप फडताळात ठेवलं वं," एकीनं म्हणायचं. "ऐकलं," दुसरीनं म्हणायचं. धुकं एका दिवसात गेलं नाही. पण त्याचं भय गेलं, आणि मग तेही हळूहळू विरळ होत गेलं.

दिवाळीत बोरी अरबला गेले. माय कोपऱ्यात सतरंजीवर बसली होती. मी तिच्यापुढं रिकामा गंज आणि पळी ठेवली. "माय, महालक्ष्मीची आंबील तू कशी करत होती? मले करून दाखव."

तिनं पळी हातात घेतली, फिरवली. "आधी जवारी भरडाची," ती म्हणाली. "मंग ताकात भिजू घालाची." आणि थांबली. दारात भावजय उभी होती, ती पुढचं सांगायला निघाली. मी हातानंच तिला थांबवलं. माय पळीकडे पाहत राहिली. बराच वेळ गेला.

"अन् मीठ शेवटी," माय म्हणाली. "आधी टाकलं त ताक फाटते."

मग तिनं मान वर करून भावजयीकडे पाहिलं. भावजयीचेही केस आता पांढरे व्हायला लागले होते.

"हिले झोप लागते का?" मायनं मला विचारलं.

भावजय दारातच खाली बसली. "नाही लागत, आत्याबाई," ती म्हणाली.

"ये मंग इथी," माय म्हणाली, आणि सतरंजीवर तिच्यासाठी सरकली.