शब्द टाकणाऱ्या बाई

अनोळखी माणसाशी बोलायची वेळ आली, की बाईंचे हात गार पडत. सिल्वासातला मे महिना, डोक्यावर पत्रा, पंखा गरम हवा फेकतोय, आणि बाईंचा हात मात्र माठातून काढल्यासारखा. एखादं लाजरं माणूस समोर आलं, की त्या मुद्दाम आपला तळवा त्याच्या मनगटावर ठेवत. "लागला गार? इतकी वर्षं झाली, अजून पडतो. पडू दे. हात गार पडला म्हणून तोंड बंद पडत नाही."

मसाटच्या एका सुताच्या कारखान्यात त्या टाइम ऑफिस सांभाळत. हजेरी, गेटपास, रजेचे अर्ज, सगळं त्यांच्या खिडकीतून जायचं. मूळच्या कुडाळकडच्या. नवरा इथे सरकारी शाळेत मास्तर होता. तो गेल्यावर त्या नोकरीला लागल्या. मूलबाळ नव्हतं. कारखान्यात सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत.

मी शहाद्याहून डिप्लोमा करून तिथे आलो. डोकमर्डीत तिघांत एक खोली, आणि दिवसभर लॅबमध्ये धाग्याची ताकद तपासायची. पहिले चार महिने मी डबा रिकाम्या खोक्यांच्या मागे एकटाच बसून खाल्ला. एक दिवस बाईंनी खिडकीतून हाक मारली.

"काय रे, तुझी हजेरी रोज लागते, पण आवाज अजून ऐकला नाही. गावाला विसरून आलास की काय?"

मी मान खाली घातली.

"मेंटेनन्सचे रमेशभाई माहीत आहेत?"

"लांबून."

"मग जवळून बघ. काही मागायचं नाही. चार नंबरच्या मशीनवर धागा सारखा का तुटतो, एवढंच विचार. आपल्या कामाबद्दल कुणी विचारलं, की माणूस घड्याळ विसरतो."

मी दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी बाई स्वतः माझ्याबरोबर मेंटेनन्सच्या दारापर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या. "आवो ने, बेसो," रमेशभाई म्हणाले, आणि हिंदी-गुजराती मिसळून खरंच अर्धा तास बोलत राहिले. दुसऱ्या दिवसापासून माझा डबा त्यांच्या टेबलावर उघडायला लागला.

ओळख करून देताना बाई हुद्दा कधी सांगत नसत. "हा शहाद्याचा. डोळे मिटून धाग्यावरून बोट फिरवतो आणि गाठ कुठे आहे ते सांगतो," असं माझ्याबद्दल सांगायच्या. ते फारसं खरं नव्हतं, पण चारचौघांत ऐकल्यावर खरं करून दाखवणं भाग पडे. एका रविवारी त्यांनी आम्हा नव्या सात-आठ जणांना दुधनीच्या तलावावर नेलं आणि होडीत ओळखीच्या माणसाशेजारी बसायला बंदी केली. कुणाला कुठे जागा हवी असली, की त्या शब्द टाकायच्या. "आपलं एक मिनिट जातं रे, त्याचा जन्म मार्गी लागतो." नरोलीच्या मोठ्या कारखान्यात माझी वर्णी लागली तीही बाईंनीच रजा काढून तिथल्या साहेबांची गाठ घालून दिली म्हणून. काही वर्षांत मी तिथल्या लॅबचा प्रमुख झालो. साहेबही बदलले.

मग मसाटला चेहरा बघून हजेरी लावणारं मशीन आलं आणि बाईंची खिडकी बंद झाली. पन्नाशी उलटलेली होती. एका दुपारी त्या माझ्याकडे आल्या. चहा संपेपर्यंत इकडचं तिकडचं बोलल्या. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "दुसऱ्यांसाठी शंभरदा बोलले असेन. स्वतःसाठी नाही रे जमत. तुझे नवे साहेब मला ओळखत नाहीत. शब्द टाकशील?"

"उद्याच टाकतो, बाई."

दुसऱ्या दिवशी मी केबिनच्या दारापर्यंत गेलो. आत दोन माणसं बसली होती, म्हणून परतलो. नंतर आत कुणी नव्हतं, तेव्हाही परतलो. या वयाच्या बाईची शिफारस केली तर साहेब काय म्हणतील, माझ्याबद्दल काय वाटेल, याच विचारात पाय मागे यायचे. आठवड्याने बाईंचा फोन आला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बोललोय बाई. बघतो म्हणालेत."

"बोललास?" त्या म्हणाल्या. "तू बोललास?" त्यांना नोकरीपेक्षा त्याचाच आनंद झालेला जाणवला.

तीन महिन्यांनी त्या कुडाळला भावाकडे राहायला निघाल्या. आदल्या दिवशी मी भेटायला गेलो, तेव्हा घरात बांधाबांध चालली होती.

"मुलींच्या एका होस्टेलवर बोलावत होते," त्या सहज म्हणाल्या. "मी नाही म्हटलं. तू साहेबांशी बोलून बसलेला, उद्या त्यांनी हो म्हटलं तर तू तोंडघशी पडायचास." मग माझ्याकडे बघून हसल्या. "नोकरीचं जाऊ दे रे. माझ्यासाठी तू त्या केबिनमध्ये गेलास, मला तेवढं पुरलं."

सांगून टाकायचं तर तीच वेळ होती. मी खोक्यांना दोरी बांधत राहिलो.

अजूनही एखाद्या साहेबाच्या दाराशी पोचलो, की पाठीमागे कुणीतरी थांबलंय असं वाटतं. मी वळून बघत नाही. बाईंचा दिवाळीला फोन यायचा, मी दोन मिनिटांत आवरता घ्यायचो.

गेल्या वर्षी बाई गेल्या. त्यांच्या भाचीने फोन करून कळवलं. सगळं सांगून झाल्यावर ती थोडी घुटमळली.

"तुम्हीच ना ते शहाद्याचे? आत्या तुमचीच गोष्ट सांगायची. इतका बुजरा मुलगा, पण तिच्यासाठी साहेबांपुढे उभा राहिला म्हणून." तिचा आवाज मुळातच बारीक होता, तो आणखी बारीक झाला. "काका, मला पुढच्या आठवड्यात पहिल्या नोकरीवर जायचंय. मला कुणाशी बोलताच येत नाही. तुम्ही तेव्हा काय बोललात?"



"बाईंचं नाव सांगितलं," मी म्हणालो. "आणि त्यांना काम हवंय, असं सांगितलं."

"एवढंच?" ती म्हणाली. तिचा श्वास मोकळा झालेला मला ऐकू आला. "मग मला जमेल."