कोपीमागची तांबडी कुत्री

कोहिनूर गावच्या राजूबाईला वचकून नव्हतं असं माणूस गावात शोधून सापडलं नसतं. तिचा नवरा हणमंतराव चारचौघांत छाती पुढं काढून बोलायचा, पण घरी आला की पायताण कुठं काढायचं हेसुद्धा बायकोच्या नजरेला विचारून ठरवायचा. पेरणी कधी, मळणी कधी, कडबा कुठं रचायचा, या सगळ्यात राजूबाईचा शब्द शेवटचा. आणि खरं सांगायचं तर ती बहुतेक वेळा बरोबरच असायची. माणसाला बिघडवायला तेवढं पुरतं.

बाई भ्यायची ती फक्त कुत्र्याला. वाटेत कुत्रं आडवं आलं की हीच राजूबाई चार घरं वळसा घालून जायची आणि वर सांगायची की तिकडं कामच होतं.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि पुढच्या साली रान पुन्हा हिरवं झालं. त्या वर्षीची येळवस दणक्यात करायची असं तिनं ठरवलं. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारायची, आत पाच दगड चुन्यानं पांढरे करून पांडव म्हणून मांडायचे, शेंगा-पाल्याची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबिलीचा नैवेद्य दाखवायचा आणि सगळ्यांनी रानातच जेवायचं. यंदा लेक शोभाबाई सासरच्या माणसांना घेऊन येणार होती.

कोप बांधायला सालगडी बळीराम होता. तो म्हणाला, "अक्का, दरसाल आपुन बाभळीपाशी करताव की."

"औंदा गंजीला टेकून कर. वारं कसं सुटायलंय बघ. पाव्हन्यांच्या ताटात धूळ घालायलास का?"

दिवस कलायच्या आत कडब्याच्या गंजीला पाठ लावून कोप उभी राहिली. एवढी देखणी कोप शिवारात दुसरी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजूबाईनं त्याला चुन्याचा डबा देऊन दगड रंगवायला पाठवलं. थोड्या वेळानं तो लंगडत परत आला. पायावर चुना सांडलेला, पोटरीतून रक्त गळत होतं. एक तांबडी कुत्री कोपीपुढं उभी होती म्हणे. त्यानं हाड म्हणायच्या आत तिनं पोटरी धरली.

"पिसाळलंय!" कुणीतरी म्हणालं. गावानं असं एक मरण पाहिलेलं होतं. पाण्याचा तांब्या पाहून किंचाळणारा तो माणूस कुणीच विसरलं नव्हतं. बळीरामची बायको चांगुणाबाई धावत आली, नवऱ्याचा पाय बघितला आणि भिंतीला टेकून खाली बसली. रडली नाही, ओरडली नाही. नुसती बळीरामच्या तोंडाकडं बघत राहिली.

"मारून टाका त्या कुत्र्याला!" सगळ्यांत मोठा आवाज राजूबाईचाच होता. पण चुन्याचा डबा बळीरामच्या हातात तिनंच दिला होता.

"आधी ह्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेताव," हणमंतराव म्हणाला. "आल्यावर समदे मिळून काठ्या घेऊन जाऊ. तवर रानाकडं कुनी फिरकू नका." दोघं मोटारीला गेले. भज्जीसाठी पावटे सोलत बसलेल्या राजूबाईनं सालं सुपात टाकली आणि दाणे सुपाबाहेर.

दुपारी शेजारच्या रानातली नागव्वा आली. म्हातारी कानडी, जिभेची फटकळ, पण राजूबाईला तोंडावर बोलणारी गावात तेवढी एकच.

"अक्का, ते कुत्रं पिसाळलं न्हाई."

"तुला काय ठाव?"

"पिसाळलेलं कुत्रं एका जागी ऱ्हातंय का? ते वाट फुटंल तिकडं पळतंय. हे सकाळधरनं तुझ्या कोपीलाच घिरट्या घालायलंय, कडबा उकरायलंय. आनि सडं बघितलीस का? दुधानं तटतटल्यात. इलेली हाय ती, यव्वा."

राजूबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. काल पेंढ्या रचताना बळीराम म्हणाला होता की गंजीच्या बुडाला बीळ दिसतंय. "घूस असंल, बुजवून टाक," असं तिनं वाकूनही न बघता सांगितलं होतं. बळीरामनं बिळात दोन पेंढ्या ठोसून वर कोप उभारली होती. कुत्री तेव्हा पोट भरायला गावाकडं गेली असणार, आणि पिल्लं आत.

"मानसं बोलवू का?" नागव्वानं विचारलं.

"मानसं काठ्या घेऊन येत्याल. बळीरामला मीच धाडलं हुतं. आता मीच जाते."

रान काही लांब नव्हतं. कोप दिसली आणि गुरगुरणंही ऐकू आलं. नागव्वानं बांधावरून भाकरी दाखवून "बा, बा" म्हणून कानडीत हाक मारली, कुत्रीनं तिकडं बघितलंसुद्धा नाही. पूजेच्या आधी कोप मोडणं म्हणजे भलताच अपशकुन. राजूबाईनं कोपीला हात जोडले, चुकलं तर पदरात घे म्हणाली आणि पहिली पेंढी ओढली.

कुत्री झेपावली. राजूबाईला पळता येईना, कारण पायच उचलेनात. त्या भित्रेपणानंच ती तिथं टिकली म्हणा. कुत्रीनं लुगड्याचा सोगा दातांत धरला आणि हिसके द्यायला लागली. तिचा ऊन श्वास पोटरीला लागत होता.

"थांब गं बाई, थांब," राजूबाई रडत रडत पेंढ्या उपसत होती. "माज्याच हातानं झालंय. मला तेवढं काढू दे, मग चाव."

कोप एका अंगावर कलंडली. तिनं बिळातली शेवटची पेंढी ओढली आणि आतून बारीक कुंई ऐकू आली. कुत्रीनं लुगडं सोडलं. राजूबाईच्या गुडघ्याला घासून कुत्री आत घुसली आणि सगळा आवाजच बंद झाला. नागव्वा येऊन वाकून बघते तर पिल्लं लुचायला लागली होती. एक मात्र हललं नाही. राजूबाई तिथंच सरीत बसून राहिली.

दिवस मावळता हणमंतराव आला. हातात काठी होतीच.

"कोप कुनी मोडली?"

"मी."

एरवी तो एवढ्यावरच गप्प झाला असता, पण आज त्यानं आत डोकावून बघितलं आणि काठी खाली टाकली. "जित्ती हाय. बरं झालं माय," म्हणत तो मटकन बसला. "बळीरामच्या पोटात सुई दिली. डॉक्टर म्हनला, कुत्र्याला मारू नका. आठ-दहा दिवस ते धडधाकट ऱ्हायलं तर म्हनं पिसाळलेलं न्हवतं, सुया बंद करू. आनि मेलं, न्हाईतर हरवलं, तर समद्या सुया घ्याव्या लागत्याल, आनि वर घोर ऱ्हाईलच." काठ्या घेऊन निघालेल्या माणसांना त्यानं वाटेतूनच परत धाडलं होतं.

त्यानंतर हणमंतरावाचं जे झालं त्यावर गाव वर्षभर हसलं. तो रोज सकाळी दुधाचा तांब्या घेऊन शेतात जायचा, लांबूनच ओतायचा आणि कुत्री जेवली का, पाणी प्याली का, हे घरी येऊन सांगायचा. लेकीच्या बाळंतपणात त्यानं एवढी चौकशी केली नव्हती. बळीराम दवाखान्यातून आला की पोट धरून बांधावर बसायचा आणि कुत्रीकडं बघायचा. ती शेपूट हलवायची तेव्हा त्याच्या तोंडावर जरा रंग यायचा.

येळवशीला पांडव उघड्यावरच मांडले. शोभाबाईच्या सासूनं कलंडलेली कोप बघून विचारलं, तेव्हा राजूबाईनं जन्मात पहिल्यांदा सरळ सांगितलं, "माजी चूक झाली." सासू शहाणी होती. तिनं कुत्रीची सगळी हकीकत ऐकून घेतली. "मग आधी त्या बाळंतिणीला वाढा," म्हणाली, आणि हणमंतराव उंडा घेऊन पळाला.

दहा दिवस गेले. कुत्री धट्टीकट्टी होती, पिल्लांचे डोळे उघडले होते. डॉक्टरनं सुया बंद केल्या. त्याच दिवशी चांगुणाबाई शेतात आली. नवऱ्याला कुत्री चावल्यापासून ती इकडं फिरकली नव्हती. तिनं दुधात कुस्करलेली भाकरी गंजीपुढं ठेवली, चार पावलं मागं सरली आणि मातीत डोकं टेकलं.

"तू जगलीस माय, म्हून माजा धनी ऱ्हायला."

राजूबाईला ते बघवेना. "चांगुणा, ह्यो घोर माज्यामुळं लागला गं तुला. मला चार शिव्या तरी दे."

चांगुणाबाईनं कपाळाची माती पुसली. "शिव्या कामून देऊ, अक्का? तुमी त्या दिवशी कोप मोडली न्हसती तर पिल्लं आतच मेली असती, मग ही हितं ऱ्हायली असती व्हय?"

गंजीपुढं बळीराम, हणमंतराव, सगळे बघत असताना राजूबाई चांगुणाबाईच्या शेजारी मातीत बसली आणि आपल्या सालगड्याच्या बायकोला तिनं हात जोडले.